‘थांबवा’ म्हणायचे कोणी? मोठ्या कार्यक्रमांच्या आयोजनामागची पार्श्वभूमी

नोव्हेंबर 2021 मध्ये ह्यूस्टनच्या संगीत महोत्सवात गर्दीत सापडून 10 जणांचा जीव गेला. त्यानंतर आयोजकांचा 56 पानी आराखडा उजेडात आला. वादळ आले तर काय, बॉम्बची धमकी आली तर काय, कोणी गोळीबार केला तर काय, हे सगळे त्यात होते. कोणी दगावल्यास रेडिओवर कोणता सांकेतिक शब्द वापरायचा, तेही ठरलेले होते. गर्दी स्टेजच्या दिशेने रेटली गेली तर काय करायचे, एवढेच नव्हते. कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार फक्त दोघांना होता. मोठ्या संख्येने लोक जखमी झाल्याची अधिकृत घोषणा झाल्यावरही अर्ध्या तासाहून अधिक वेळ गाणी चालूच राहिली.

पाने भरपूर होती, पण ‘थांबवा’ म्हणणारा जागेवर नव्हता. या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर ही त्रुटी नवी नाही, आणि जुन्या चुकांपैकी सर्वांत हट्टी तीच आहे.

अगदी मागे जायचे तर 1851 चे लंडनमधील महाप्रदर्शन घेता येईल. साडेपाच महिन्यांत सुमारे 60 लाख भेटी झाल्या आणि तो काळ पाहता व्यवस्था चोख राहिली. 1896 मध्ये मॉस्कोजवळच्या खोदिन्का मैदानावर रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या राज्यारोहणानिमित्त भेटवस्तू वाटल्या जाणार होत्या. खड्ड्यांनी भरलेल्या त्या मैदानात गर्दी उसळली आणि 1300 हून अधिक माणसे मेली. फ्रेंच राजदूताचा त्या संध्याकाळचा नृत्यसमारंभ ठरल्याप्रमाणे पार पडला आणि झारही तिथे गेला. तो रद्द करायला हवा होता का, यावर पुढे अनेक दशके खल झाला. मैदान तसेच का सोडले होते, याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

आयोजन हा स्वतंत्र धंदा होऊ शकतो, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसले. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकने त्यावर शिक्का मारला. आधीच्या खेळांनी यजमान शहरांना कर्जात लोटले होते, म्हणून यजमानपदाला फारसे कोणी तयार नव्हते. प्रायोजक, प्रक्षेपण हक्क आणि आधीपासून असलेली स्टेडियम यांच्या जोरावर 20 कोटी डॉलरहून अधिक शिल्लक उरली. तेव्हापासून ‘इव्हेंट’ हा खर्च नसून गुंतवणूक आहे, असे आयोजक सांगू लागले. ते खोटेही नव्हते.

संकट नियोजन मात्र दुसऱ्याच घरातून आले. 1970 मध्ये कॅलिफोर्नियात 13 दिवस वणवे पेटले आणि 16 जण मेले. तिथे माणसे आणि बंब यांपेक्षा जास्त नडले ते हे, की वेगवेगळ्या यंत्रणांचे आदेश एकमेकांना कळत नव्हते. घटनास्थळी आदेशाची एकच साखळी हवी, ही पद्धत त्यातून घडली. 1982 मध्ये शिकागो परिसरात वेदनाशामक कॅप्सूलमध्ये कोणी सायनाइड मिसळल्याने सात जण मेले. उत्पादकाने सुमारे 3.1 कोटी बाटल्या बाजारातून परत घेतल्या. मोठे नुकसान सोसून वेळेवर थांबणे पुढे फायद्याचे ठरते, हा धडा व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही शिकवला जातो. करमणुकीच्या क्षेत्राने तो ऐकला, पण अंगी बाणवला नाही.

कागद आणि निर्णय यांमधली दरी म्युनिकला 1972 मध्येच दिसली होती. त्या ऑलिम्पिकपूर्वी पोलिसांच्या एका मानसशास्त्रज्ञाने 26 संभाव्य संकटप्रसंग लिहून दिल्याचे सांगितले जाते. त्यातला 21 वा प्रसंग प्रत्यक्षातल्या ओलीस प्रकरणाशी जवळजवळ जुळणारा होता. इस्रायली पथकातले 11 जण मारले गेले, स्पर्धा सुमारे 34 तास थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

इथून खरा वाद सुरू होतो. ‘थांबवले तर आणखी वाईट होईल’ हा युक्तिवाद वारंवार पुढे आला आहे. डिसेंबर 1979 मध्ये सिनसिनाटीत रॉक कार्यक्रमाच्या दाराबाहेर 11 जण मेले. आतल्या हजारो प्रेक्षकांना बाहेर काढले तर पुन्हा रेटारेटी होईल म्हणून कार्यक्रम चालू ठेवला गेला. वादकांना बातमी कळली ती शेवटचे गाणे झाल्यावर. मे 1985 मध्ये ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर फुटबॉल सामन्याआधी 39 जण मेले, तरी दंगल पेटेल या भीतीने सामना खेळवला. जुलै 2010 मध्ये जर्मनीतल्या डुइसबर्गच्या संगीत महोत्सवात आत-बाहेर जायला बोगदा आणि उतार हा एकच मार्ग होता. तिथे 21 जण मेले, आणि वर मैदानात संगीत काही तास वाजतच राहिले. कारण तेच होते: घबराट पसरेल.

हा युक्तिवाद पूर्ण पोकळ नाही. एक लाख माणसे एकदम दाराकडे वळवणे हाही धोकाच असतो. पण यात एक सोयीस्कर गल्लत आहे. कार्यक्रम थांबवणे म्हणजे लोकांना तडक घरी पाठवणे नव्हे. सुरुवात लांबवता येते, आवाज बंद करून दिवे लावता येतात, लोकांना मागे सरकायला सांगता येते. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर 1987 च्या फुटबॉलच्या उपांत्य सामन्याची सुरुवात गर्दीमुळे 15 मिनिटे लांबवली होती. दोन वर्षांनी त्याच मैदानावर, तशाच सामन्याला तशी विनंती झाली, पण ती मानली गेली नाही. बाहेरचा दाब कमी करायला एक मोठे दार उघडले, आधीच भरलेल्या भागाकडे नेणारा आतला बोगदा बंद केला नाही, आणि 3 वाजून 6 मिनिटांनी सामना थांबेपर्यंत फार उशीर झाला होता. बळींची संख्या अखेर 97 झाली. दार प्रेक्षकांनीच फोडले, असे प्रथम सांगितले गेले. ते असत्य होते. 2016 मध्ये ज्यूरीने मृत्यू बेकायदा ठरवले आणि प्रेक्षकांना दोषमुक्त केले.

दोष गर्दीवर ढकलायला भाषाही हात देते. आपला ‘चेंगराचेंगरी’ शब्द मारामारी, ढकलाढकलीच्या घाटाचा आहे, जणू लोकच एकमेकांना चेंगरत होते. प्रत्यक्षात दर चौरस मीटरला सहा-सात माणसे झाली की कोणाचेच पाऊल स्वतःचे राहत नाही. गर्दी द्रवासारखी हेलकावते आणि बहुतेक जण उभ्या-उभ्या छातीवरच्या दाबाने गुदमरतात. मागच्याला पुढचे दिसत नाही आणि पुढच्याला मागे सरकता येत नाही. हे चित्र फक्त उंचावर बसलेल्याला किंवा कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर असलेल्यालाच दिसते, म्हणून ‘थांबवा’ म्हणण्याचा अधिकारही तिथेच हवा. तो ज्याचा गल्ल्यात वाटा आहे त्याच्याकडे ठेवणे मला समर्थनीय वाटत नाही.

1990 नंतर ब्रिटनने मैदानांचे नियम कडक केले आणि 1993 मध्ये संगीत कार्यक्रमांसाठी स्वतंत्र सुरक्षा मार्गदर्शिका निघाली. व्यवसायातही फरक पडला. परवाना, विमा आणि प्रायोजकांचे करार यांत सुरक्षेचा आराखडा मागितला जाऊ लागला. 2020 मध्ये साथीने जगभरचे वेळापत्रक कोलमडले, तेव्हा लंडनच्या प्रख्यात टेनिस स्पर्धेकडे आधीच काढलेला साथरोगाचा विमा होता, हे अनेकांनी हेव्याने वाचले.

ह्यूस्टननंतर टेक्सासमधील एका कार्यगटाने एप्रिल 2022 च्या अहवालात, कार्यक्रम कोणत्या परिस्थितीत रोखायचा किंवा रद्द करायचा हे आधीच ठरवून ठेवा, अशी शिफारस केली. त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला हॅलोविनच्या गर्दीत दक्षिण कोरियातील सोलच्या इतेवॉन भागातल्या उताराच्या अरुंद गल्लीत 159 जण मेले. पहिला इशारा देणारा फोन संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, म्हणजे जवळपास चार तास आधी आला होता. पण त्या उत्सवाला कोणी अधिकृत आयोजकच नव्हता, त्यामुळे नियमानुसार सुरक्षा आराखडा करण्याचे बंधनही कोणावर नव्हते. आयोजक नसलेल्या गर्दीची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकणारी दुरुस्ती तिथल्या कायद्यात डिसेंबर 2023 मध्ये मंजूर झाली.