मुंबईतील ‘खुल्या जागेचे अधिमूल्य’ : पार्श्वभूमी

मुंबईत इमारत उभी करणारा विकासक महापालिकेकडे ज्या अनेक रकमा भरतो, त्यांतील एकीचे नाव ‘खुल्या जागेच्या कमतरतेचे अधिमूल्य’ (प्रीमियम) असे आहे. हे नाव कानावर पडले की बहुतेक नागरिकांची अशी समजूत होते की हा पैसा उद्याने आणि मैदाने यांच्यासाठी घेतला जातो, आणि त्यामुळे दर वाढवण्याचा किंवा घटवण्याचा विषय निघाला की चर्चा थेट शहरातील हिरवाईकडे वळते. या समजुतीमागे एका शब्दाची गुंतागुंत आहे. आपल्या नियमावलीत ‘खुली जागा’ हा शब्द किमान तीन वेगळ्या अर्थांनी आला आहे, आणि गेल्या साडेतीन दशकांतील जवळजवळ प्रत्येक वाद या अर्थांच्या सरमिसळीतून निर्माण झाला आहे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने दादर-माटुंग्याच्या योजना आखल्या, तेव्हा जमीन संपादन करून, रस्ते आखून आणि बागांच्या जागा आधी राखून मगच भूखंड भाडेपट्ट्याने देण्यात आले. माटुंग्याचे पाच बगीचे आणि शिवाजी पार्क ही त्याच काळाची देणगी आहे. 1915 च्या नगररचना कायद्यापासून योजनेमुळे जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीतील काही भाग सुधार आकार म्हणून मालकाकडून घेण्याची कल्पना रुजली, आणि 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातही ती टिकून राहिली. मात्र महानगरात नगररचना योजना मागे पडल्या, विकास आराखड्यातील आरक्षणे हाच मुख्य मार्ग झाला, आणि जमीनमालकाने शहराच्या उद्यानांसाठी रोख पैसे द्यावेत ही कल्पना त्या आराखड्यात कुठेच नीट बसली नाही.

आजच्या वादाची खरी सुरुवात 25 मार्च 1991 रोजी लागू झालेल्या विकास नियंत्रण नियमावलीपासून होते. तिच्या तेविसाव्या नियमाने मोठ्या भूखंडांवर मनोरंजनासाठी जागा मोकळी सोडणे बंधनकारक केले. भूखंड 1001 ते 2500 चौरस मीटर असेल तर 15 टक्के, 2501 ते 10,000 पर्यंत 20 टक्के आणि त्याहून मोठा असेल तर 25 टक्के, असे प्रमाण ठरले. ‘खुली जागा’ या शब्दाचा हा पहिला अर्थ; बांधकाम व्यवसायात हिला सरसकट ‘आर.जी.’ (रिक्रिएशन ग्राउंड) म्हणतात. ही जागा त्या रेखांकनातील रहिवाशांच्या सामाईक मालकीची असते, शहराच्या मालकीची नसते, ही गोष्ट वारंवार विसरली जाते. फाटकाबाहेरच्या मुलाला तिथे खेळण्याचा हक्क नाही. शिवाय 1000 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला हा नियम लागूच होत नव्हता, आणि दादर, पार्ले, मुलुंडसारख्या भागांतील कितीतरी जुने भूखंड याच आकाराचे आहेत. तेथे दोन-तीन मजल्यांच्या जागी बहुमजली इमारत आली आणि माणसे कित्येक पटींनी वाढली, तरी आर.जी. सोडावी लागत नव्हती आणि तिच्या बदल्यात काही भरावेही लागत नव्हते. लहान भूखंडाने जागेऐवजी उद्याननिधीत पैसे द्यावेत, अशी तरतूद जगातील अनेक शहरांत आहे. 1991 च्या नियमावलीत ती नव्हती, आणि माझ्या मते पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ याच उणिवेत आहे.

मग अधिमूल्य कशाचे घेतले जाऊ लागले, असा प्रश्न उरतो. येथे ‘खुली जागा’ या शब्दाचा दुसरा अर्थ येतो. इमारतीच्या चारही बाजूंना कुंपणापर्यंत जी सामासिक अंतरे सोडावी लागतात, त्यांनाही नियमावलीत खुल्या जागाच म्हटले आहे. ही अंतरे उजेड-वाऱ्यासाठी, शेजारच्या घराच्या खाजगीपणासाठी आणि मुख्यतः अग्निशमनाची गाडी आत फिरू शकावी यासाठी असतात. राहत्या खोल्यांना उजेड आणि वारा देणाऱ्या बाजूला हे अंतर इमारतीच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश असावे, असे 1991 च्या नियमावलीचे सूत्र होते. म्हणजे 30 मीटर उंच इमारतीला 10 मीटर मोकळे सोडणे आले. अरुंद भूखंडावर हे शक्य नसते, विशेषतः जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतीच्या जागी पुनर्विकास होत असेल तेव्हा. अशा प्रसंगी नियम 64 ने आयुक्तांना स्वेच्छाधिकार दिला होता. अडचण स्पष्टपणे सिद्ध होत असेल, तर लेखी कारणे नोंदवून, चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर बांधता येणारे एकूण क्षेत्र, वगळता इतर मोजमापांत सवलत देता येत असे. मात्र त्या सवलतीने रहिवाशांचे आणि परिसराचे आरोग्य, अग्निसुरक्षा व संरचनेची सुरक्षितता धोक्यात येता कामा नये, अशी अट होती.

ही तरतूद अपवादासाठी लिहिलेली होती. प्रत्यक्षात मात्र सवलतीला किंमत लावण्यात आली आणि किंमत लागताच अपवादाचा प्रघात झाला. दहा मीटरऐवजी सहाच मीटर सुटत असतील, तर कमी पडलेल्या जागेचे क्षेत्रफळ काढायचे, शीघ्रसिद्धगणकातील, म्हणजे शासनाच्या दरतक्त्यातील (रेडी रेकनर), जमिनीच्या दराचा ठरावीक टक्का त्याला लावायचा आणि येणारी रक्कम भरून घेऊन नकाशे मंजूर करायचे, अशी ही पद्धत आहे. झोपडपट्टी पुनर्वसन आणि उपकरप्राप्त इमारतींच्या योजनांना यात सवलतीचा दर मिळतो. अडचण सिद्ध झाली आहे की नाही हा प्रश्न त्यामुळे मागे पडला आणि किती रक्कम भरायची हा प्रश्न पुढे आला. वास्तुविशारदांच्या कार्यालयात प्रस्ताव तयार करतानाच ‘ओपन स्पेस डेफिशियन्सी’चा आकडा खर्चाच्या तक्त्यात धरला जातो. अंतर सोडता येते का हे त्याआधी तपासले जातेच असे नाही.

ही रक्कम कुठे जाते, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे. सामासिक अंतर कमी झाल्याने ज्यांच्या खिडकीत ऊन येत नाही, ते शेजारी नुकसान सोसतात; अधिमूल्य मात्र महापालिकेच्या तिजोरीत जमा होते, आणि त्या वॉर्डात बाग करण्यासाठीच ते वापरले जावे असे बंधन अधिमूल्याच्या पद्धतीत कधी आले नाही. म्हणजे नावात खुली जागा असली, तरी ही रक्कम खुली जागा न सोडल्याची आहे, आणि तीही मैदानाच्या नव्हे, तर इमारतीलगतच्या मोकळ्या पट्ट्याच्या संदर्भात. या अधिमूल्याचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे असे असते की त्याविना अरुंद भूखंडांवरील धोकादायक इमारतींचा पुनर्विकास कधीच झाला नसता. त्यात तथ्य आहे. पण त्यातून मिळणारा पैसा उद्यानाशी का जोडला गेला नाही, याचे उत्तर त्या युक्तिवादात मिळत नाही.

उद्यान शुल्काच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद 1992 मध्ये आली. 1966 च्या नगररचना अधिनियमात नवे प्रकरण घालून विकास शुल्क आकारण्यात येऊ लागले आणि ते सार्वजनिक सुविधांसाठी वापरावे, असे ठरले. सुरुवातीला हे दर चौरस मीटरमागे ठरावीक रुपयांत होते, आणि महागाईत ते नगण्य झाले. 2010-11 च्या सुमारास ते रेडी रेकनरशी जोडले गेले. निवासी विकासासाठी जमिनीवर दराच्या अर्धा टक्का आणि बांधकामावर 2 टक्के, व्यापारी वापरासाठी अनुक्रमे 1 आणि 4 टक्के, असे प्रमाण झाले. रस्ते, शाळा, दवाखाने आणि बागा या सर्वांचा वाटा त्यात एकत्र आहे. पुढच्या दशकात मेट्रोसारख्या वाहतूक प्रकल्पांसाठी हेच शुल्क दुप्पट करण्याची मुभा कायद्याने दिली आणि वाढीव भाग त्या प्रकल्पांनाच मिळेल, असे निश्चित केले. राखीव निधीची कल्पना आपल्या कायद्याला अपरिचित नाही, हे यावरून दिसते. ती रुळांसाठी वापरली गेली आणि मैदानांसाठी वापरली गेली नाही.

शब्दाचा तिसरा अर्थ गिरण्यांच्या जमिनीवर लढला गेला. 1991 च्या नियम 58 प्रमाणे बंद पडलेल्या किंवा आजारी कापड गिरण्यांच्या जमिनीचा विकास होताना साधारण एक तृतीयांश जमीन शहराच्या खुल्या जागांसाठी, तितकीच परवडणाऱ्या सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकासाठी, अशी विभागणी अपेक्षित होती. गिरणगावातील या जमिनी सुमारे 600 एकर होत्या, म्हणजे लालबाग-परळला सुमारे 200 एकर मोकळ्या जमिनीची आशा होती. 20 मार्च 2001 च्या सुधारणेने विभागणीसाठी धरायची ‘खुली जमीन’ म्हणजे त्या वेळी प्रत्यक्ष मोकळी असलेली जमीनच, असे ठरवले. शेड पाडल्यावर मोकळी होणारी जमीन हिशेबातून गेली. गिरणीच्या आवारात मुळात मोकळी जागा किती असणार! एका पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2005 रोजी सुधारणेच्या या अर्थाविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षीच्या 26 जुलैच्या पुरानंतर तो निकाल शहराला मोठा दिलासा वाटला होता. 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि 2001 ची सुधारणा कायम राहिली. एका शब्दाच्या व्याख्येने शहराच्या मध्यभागी जेवढी मैदाने गमावली, तेवढी कोणत्याही शुल्काने परत मिळण्यासारखी नाहीत.

आर.जी.चा वाद यानंतर न्यायालयात पोहोचला. वाहनतळासाठी इमारतीच्या पायथ्याशी पोडियम, म्हणजे उंच चौथऱ्यासारखे मजले, बांधण्याची पद्धत वाढली, तेव्हा मनोरंजनाची जागा पोडियमच्या छतावर दाखवण्याची मुभा मिळाली आणि जमिनीवरचा आर.जी. नाहीसा होऊ लागला. 17 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नियम 23 मधील किमान जागा जमिनीवरच असली पाहिजे. पोडियमवर देता येईल ती त्याहून जास्तीची. छतावर घातलेल्या दोन-तीन फूट मातीत वड वाढत नाही आणि पावसाचे पाणी मुरत नाही, हे सामान्य माणसालाही कळण्यासारखे आहे. निकालानंतर अनेक प्रकल्पांचे नकाशे बदलावे लागले आणि विकासकांकडून नियमच बदलण्याची मागणी होऊ लागली.

ती मागणी बऱ्याच अंशी 2034 पर्यंतच्या विकास आराखड्यात पूर्ण झाली. या आराखड्याचा पहिला मसुदा 2015 च्या एप्रिलमध्ये मागे घ्यावा लागला होता, सुधारित मसुदा 2016 मध्ये आला आणि 2018 च्या मे महिन्यात त्याला मंजुरी मिळाली. टक्केवारी 15, 20 आणि 25 अशीच राहिली. पण त्यातील किमान 60 टक्के जमिनीच्या पातळीवर आणि त्याच्या निम्मी प्रत्यक्ष मातीवर असली की उरलेली 40 टक्के पोडियमवर चालेल, असे लिहिले गेले. 4000 चौरस मीटरच्या भूखंडावर 800 चौरस मीटर जागा सोडावी लागते, तर तिच्यातील खऱ्या मातीचे क्षेत्र 240 चौरस मीटर असले तरी पुरते. जुन्या नियमाचा न्यायालयाने लावलेला अर्थ नव्या नियमाने असा बदलला. याच आराखड्याच्या तयारीत शहरातील दरडोई खुली जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचे नोंदवले गेले होते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना 10 ते 12 चौरस मीटरची अपेक्षा धरतात.

अधिमूल्याच्या दरांना स्वतंत्र महत्त्व आले ते महापालिकेचे उत्पन्न बदलल्यामुळे. 2012 च्या जानेवारीत फंजिबल, म्हणजे मूळ मर्यादेवर मिळणारे जादा, चटई क्षेत्र अधिमूल्यावर देण्याची पद्धत सुरू झाली, 1 जुलै 2017 पासून जकात बंद झाली, आणि बांधकामावरील रकमांवर अर्थसंकल्पाचा भार वाढत गेला. करोनाच्या मंदीत, 2021 च्या जानेवारीत, राज्य शासनाने 31 डिसेंबर 2021 पर्यंत अधिमूल्यांत 50 टक्के सवलत दिली, आणि बदल्यात ग्राहकांचे मुद्रांक शुल्क विकासकांनी भरावे अशी अट घातली. मुदत संपण्याआधी नकाशे मंजूर करून घेण्याची इतकी घाई झाली की महापालिकेचे त्या वर्षीचे अधिमूल्याचे उत्पन्न मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाले. खुल्या जागेच्या तुटीची सवलतही त्याच घाईत निम्म्या दराने घेतली गेली.

सवलत संपल्यावर दर पुन्हा रेडी रेकनरशी बांधलेल्या जुन्या सूत्रावर आले, त्यामुळे आता अधिमूल्याचे अद्ययावतीकरण वेगळ्या ठरावाविनाही होत राहते. 2023 आणि 2024 मध्ये रेकनर बदलला नाही, 1 एप्रिल 2025 रोजी मुंबईत तो सरासरी 3.39 टक्क्यांनी वाढला, आणि खुल्या जागेचे अधिमूल्य त्याबरोबर वाढले. या सूत्रात जमिनीचा बाजारभाव आहे. त्या वॉर्डात बागेसाठी जमीन घ्यायला किती खर्च येईल आणि नव्या इमारतीत किती माणसे राहायला येतील, हे दोन आकडे त्यात अजूनही नाहीत.