रेडिओ स्रोतांची फ्लक्स मोजपट्टी: पार्श्वभूमी

एखाद्या दूरच्या क्वासारची (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राची) १.४ गिगाहर्ट्झवरील फ्लक्स घनता, म्हणजे त्याचे आपल्याला दिसणारे रेडिओ तेज, सूचीमध्ये एकाच आकड्याने दिलेली असली, तरी त्या आकड्यात दोन स्वतंत्र मोजमापे एकत्र आलेली असतात. पहिले मोजमाप म्हणजे त्या क्वासारचे एखाद्या ठरलेल्या तेजस्वी स्रोताशी असलेले गुणोत्तर, आणि दुसरे म्हणजे त्या तेजस्वी स्रोताची जान्स्की या फ्लक्स घनतेच्या एककातील निरपेक्ष किंमत. ही निरपेक्ष किंमत ठरवणाऱ्या पद्धतीला मोजपट्टी म्हणतात. गुणोत्तर बऱ्याच अचूकतेने मिळू शकते. निरपेक्ष किमतीतली अनिश्चितता मात्र अनेक दशके काही टक्क्यांच्या खाली आली नाही. वेगवेगळ्या वारंवारतांवरचे आकडे वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवर घेतलेले असतील, तर त्यांतून काढलेल्या वर्णपटाचा उतार (वारंवारतेनुसार तेज किती वेगाने बदलते ते) स्रोताबद्दल जितके सांगतो तितकेच मोजपट्ट्यांबद्दलही सांगतो. आज वापरात असलेल्या मोजपट्ट्या या अडचणीतून घडल्या आहेत आणि त्यांचा निर्णायक काळ १९६० ते १९७७ हा आहे.

त्याआधीच्या काळाचा उल्लेख थोडक्यात पुरेसा आहे. १९३३ मध्ये आकाशगंगेतून येणारे रेडिओ प्रारण जाहीर झाले, १९४६ मध्ये हंस तारकासमूहातील स्रोत, म्हणजेच सिग्नस ए, लक्षात आला आणि १९४८ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहातला, म्हणजेच कॅसिओपिया ए, सापडला. त्या वेळचा मुख्य प्रश्न स्रोत नेमका कोठे आहे हा होता. तो किती तेजस्वी आहे, हा प्रश्न दुय्यम मानला जाई. ही उपेक्षा महाग पडली. १९५५ मध्ये ८१.५ मेगाहर्ट्झवर तयार झालेल्या १९३६ स्रोतांच्या सूचीत अंधुक स्रोतांची संख्या इतक्या झपाट्याने वाढताना दिसली की तिच्यावरून विश्वरचनेविषयी मोठे निष्कर्ष काढले गेले. दक्षिण गोलार्धातून ८५.५ मेगाहर्ट्झवर घेतलेल्या निरीक्षणांशी आकाशाच्या सामाईक भागातही ती सूची जुळेना, तेव्हा कारण उघड झाले. दुर्बिणीच्या रुंद झोतात (ती एका वेळी आकाशाचा जेवढा भाग टिपते त्यात) अनेक अंधुक स्रोत एकमेकांत मिसळून एकच तेजस्वी स्रोत असल्याचा भास होत होता. १९५९ मध्ये १५९ मेगाहर्ट्झवर ४७१ स्रोतांची, आणि १९६२ मध्ये १७८ मेगाहर्ट्झवर ३२८ स्रोतांची सुधारित सूची आली. हीच ती ३सी, म्हणजे केंब्रिजची तिसरी सूची, ही मालिका. ३सी ४८, ३सी २७३, ३सी २८६ ही नावे तिच्यातूनच रूढ झाली.

स्रोतांची यादी भरवशाची झाल्यावर निरपेक्ष किमतीचा प्रश्न पुढे आला. मोठ्या तबकडीचे परिणामकारक क्षेत्रफळ (जेवढ्या क्षेत्रफळावरचे प्रारण ती प्रत्यक्ष गोळा करते ते) केवळ तिच्या मापांवरून अचूक काढता येत नाही, कारण पृष्ठभागाचा खडबडीतपणा, आधारांची सावली आणि बाजूच्या झोतांतून गळणारे प्रारण यांचा हिशेब नेमका लागत नाही. हॉर्न अँटेनाचे (कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनाचे) क्षेत्रफळ भूमितीवरून काढता येते, आणि तिने पकडलेली शक्ती ज्ञात तापमानाच्या भाराने (विद्युत रोधकाने) दिलेल्या शक्तीशी ताडून पाहता येते. परंतु ती लहान असल्याने तिला मोजकेच अतितेजस्वी स्रोत नीट दिसतात. काही ठिकाणी तर डोंगरावर काळी तबकडी उभारून, तिचे औष्णिक प्रारण दुर्बिणीने मोजून, त्या आधारे दुर्बीण अंशांकित केली गेली, म्हणजे तिच्या आकड्यांना निरपेक्ष किंमत दिली गेली. पद्धत कोणतीही असो, साखळी सारखीच राहिली: प्रथम एका अतितेजस्वी स्रोताची निरपेक्ष किंमत, नंतर मोठ्या दुर्बिणीने त्याच्याशी इतरांचे गुणोत्तर.

या साखळीची पहिली कडी म्हणून कॅसिओपिया ए निवडला गेला, आणि त्या निवडीवरचा वाद अजूनही पुरता शमलेला नाही. निवडीमागची कारणे वरवर पाहता भक्कम होती. सूर्य वगळता गिगाहर्ट्झच्या आसपास तो आकाशातला सर्वांत तेजस्वी स्वतंत्र स्रोत आहे. १९६५ च्या सुमारास १ गिगाहर्ट्झवर त्याची फ्लक्स घनता सुमारे ३२०० जान्स्की होती. उत्तरेकडच्या बहुतेक मोठ्या दुर्बिणींना तो वर्षभर दिसत असे, आणि लॉगरिथमी आलेखावर त्याचा वर्णपट विस्तृत पट्ट्यात जवळपास सरळ रेषेत येत असे. सिग्नस ए दुसऱ्या क्रमांकावर होता, पण त्याच्या वर्णपटाला वक्रता असल्याने दोन मोजलेल्या वारंवारतांच्या मधली किंमत काढणे अवघड जाई.

अडचण अशी की कॅसिओपिया ए हा तरुण अतिनवताऱ्याचा अवशेष आहे आणि तो प्रसरण पावत आहे. प्रसरणाबरोबर त्याचे चुंबकीय क्षेत्र क्षीण होत जाणार, म्हणून त्याचे रेडिओ तेजही दरवर्षी घटलेच पाहिजे, असे भाकीत १९६० मध्ये सिद्धान्ताच्या आधारे मांडले गेले, आणि १९६१ मध्ये १९४८ पासूनच्या निरीक्षणांची तुलना करून वर्षाला सुमारे एक टक्का घट प्रत्यक्ष दाखवली गेली. म्हणजे तो मंदावत असल्याचे पुढची १६ वर्षे सर्वांना ठाऊक होते. तरीही १९७७ मध्ये जी सर्वसमावेशक मोजपट्टी प्रसिद्ध झाली, तिच्यात तोच प्रमुख आधार राहिला. सोबत घट दुरुस्त करण्याचे सूत्र देण्यात आले. त्या सूत्रानुसार १ गिगाहर्ट्झवर घट वर्षाला ०.९७ टक्के होती आणि वारंवारता दसपट झाली की ती ०.३० ने कमी होई. तेज नुसते घटत नव्हते, तर जास्त वारंवारतेवर ते कमी वेगाने घटत असल्यामुळे वर्णपटाचा उतारही वर्षागणिक मंदावत होता.

निर्णयाच्या बाजूने बोलायचे तर जवळपास दोन दशकांची हॉर्न अँटेनाची मोजमापे याच स्रोतावर झालेली होती आणि ती टाकून देणे परवडणारे नव्हते. १९७७ च्या मोजपट्टीने विखुरलेल्या आकड्यांना एका सूत्रात आणले, यातही शंका नाही. परंतु जो मापदंड दरवर्षी आखडत जातो, त्याच्या आखडण्याचा वेग त्याच मोजमापांतून काढून पुन्हा त्यावरच विसंबणे हे धोक्याचेच होते. घट एकसमान नसल्याची चिन्हे तर त्याआधीच दिसू लागली होती. १९७० च्या दशकाच्या मध्यास ३८ मेगाहर्ट्झवर हा स्रोत अपेक्षेपेक्षा तेजस्वी आढळला, आणि नंतरच्या काळातल्या तुलनांतून गिगाहर्ट्झ पट्ट्यातली सरासरी घट सूत्रातल्या दरापेक्षा कमी, वर्षाला पाऊण टक्क्याच्याही खाली निघाली. दुरुस्ती न करता १९६५ ची किंमत १९८० मध्ये वापरली तर त्या सूत्राप्रमाणे सुमारे १४ टक्क्यांची चूक होते. दुरुस्ती केली आणि दर चुकला, तरी काही टक्के उरतातच. टॉरस ए म्हणजे खेकडा तेजोमेघही वर्षाला सुमारे ०.१७ टक्के मंदावतो, पण तो वेग निदान सहन होण्याजोगा आहे.

कमी वारंवारतेवर निरीक्षण करणाऱ्यांची अडचण वेगळीच होती. १९६९ मध्ये ३सी स्रोतांचे ३८ मेगाहर्ट्झपासून ५ गिगाहर्ट्झपर्यंतचे वर्णपट ज्या मोजपट्टीवर प्रसिद्ध झाले, तिचे कमी वारंवारतेकडचे आकडे खाली सरकलेले असल्याचे १९७३ मध्ये दिसून आले; १७८ मेगाहर्ट्झवर त्यांना १.०९ ने गुणावे लागते. १९८३ च्या ३सी स्रोतांच्या संपूर्ण नमुन्यात (ठरावीक तेजापेक्षा तेजस्वी असलेले सर्व स्रोत असलेल्या यादीत) १७३ स्रोत आहेत आणि त्याची तेजाची मर्यादा १०.९ जान्स्की अशी विचित्र दिसते, त्याचे कारण हेच: मूळ मर्यादा १० जान्स्की होती, मोजपट्टी बदलल्यावर तिचा आकडा बदलला, स्रोत बदलले नाहीत. हा तपशील न पाहता जुन्या आणि नव्या सूचींतले आकडे एकाच आलेखावर मांडलेले निबंध आजही आढळतात.

अशा सरकण्याचा वर्णपट निर्देशांकावर, म्हणजे वर्णपटाच्या उताराच्या आकड्यावर, किती परिणाम होतो, हे दोन वारंवारतांमधल्या अंतरावर अवलंबून असते. १५० मेगाहर्ट्झ आणि १.४ गिगाहर्ट्झ यांतील एका टोकाला दहा टक्के चूक झाली तर निर्देशांक सुमारे ०.०४ ने हलतो, आणि नेहमीच्या स्रोतांचा निर्देशांक ०.७ ते ०.८ असल्याने ते चालून जाते. तीच चूक १.४ आणि १.७ गिगाहर्ट्झ यांच्यामध्ये झाली तर निर्देशांक जवळजवळ ०.५ ने हलतो आणि उताराला अर्थच उरत नाही. त्यात काही लेखक निर्देशांक उणे चिन्हासह देतात आणि काही ते चिन्ह व्याख्येतच गिळतात, त्यामुळे चपटा आणि तीव्र उतार यांची अदलाबदल झालेली उदाहरणेही आहेत. १९८० नंतर निर्देशांक १ पेक्षा तीव्र असलेले स्रोत निवडून अतिदूरच्या दीर्घिका शोधण्याची पद्धत रूढ झाली आणि तिच्यातून ३.८ ताम्रसृतीची (ताम्रसृती जितकी जास्त तितकी दीर्घिका दूर) ४सी ४१.१७ ही दीर्घिका मिळाली. अशा निवडीत सीमारेषेजवळचा स्रोत आत येतो की बाहेर राहतो, हे मोजपट्टीतल्या लहानशा फरकानेही ठरू शकते.

दरम्यान व्यतिकरणमापक (एकमेकांपासून दूर ठेवलेल्या अनेक अँटेना जोडून बनवलेल्या दुर्बिणी) आले आणि कॅसिओपिया एचे महत्त्व व्यवहारात आपोआप कमी झाले. सुमारे ५ कोनीय मिनिटे पसरलेला स्रोत लांब आधाररेषांवर (अँटेनांमधल्या मोठ्या अंतरांवर) विरघळून जातो, म्हणून अंशांकनासाठी लहान आकाराचे स्रोत घ्यावे लागले. परंतु लहान आकाराच्या स्रोतांचे तेजच बदलते असण्याची शक्यता जास्त असते, हे १९६५ च्या सुमारासच स्पष्ट झाले होते. बराच काळ सर्रास वापरले गेलेले ३सी ४८, ३सी १३८ आणि ३सी १४७ हे पुढे बदलते ठरले. दीर्घकाळच्या तुलनेत ३सी १२३, ३सी १९६, ३सी २८६ आणि ३सी २९५ तेवढे जवळपास स्थिर निघाले.

आधार बदलण्याचे काम अखेर २०१३ च्या मोजपट्टीत झाले. १ ते ५० गिगाहर्ट्झ या पट्ट्यासाठी निरपेक्ष किंमत मंगळाच्या औष्णिक प्रारणावरून घेण्यात आली, आणि मंगळाचे प्रारूप विश्वपार्श्वभूमी प्रारण (विश्वाच्या सुरुवातीच्या काळातले उरलेले प्रारण) मोजणाऱ्या उपग्रहाच्या निरीक्षणांशी जोडण्यात आले. कमी वारंवारतेकडे मात्र जुनी वाटच चालू राहिली: २०१२ मध्ये ३० ते ३०० मेगाहर्ट्झसाठी सहा स्रोतांची प्रारूपे १९७३ च्या मोजपट्टीवर बसवण्यात आली, कारण १९७७ च्या मोजपट्टीतली दुय्यम स्रोतांची सूत्रे सुमारे ४०० मेगाहर्ट्झखाली लागू नव्हती. २०१७ मध्ये ५० मेगाहर्ट्झपासून ५० गिगाहर्ट्झपर्यंत २० स्रोतांची एकच मोजपट्टी आली. तिच्या वरच्या बाजूचा आधार मंगळ आहे, पण खालच्या बाजूची निरपेक्ष किंमत सिग्नस एवरून, म्हणजे १९७७ मध्ये संकलित झालेल्या मोजमापांवरूनच, घेतलेली आहे.