दिव्याच्या मानेतला अर्धा वॅट

एलईडी बल्बची वरची टोपी काढली, की चकतीवर पिवळसर ठिपक्यांसारखे एलईडी दिसतात आणि चकतीखालच्या अरुंद मानेत अंगठ्याएवढी सर्किटची पट्टी दडलेली असते. या पट्टीला ड्रायव्हर म्हणतात. बल्ब किती वर्षे टिकेल, हे बरेचसे तिच्यावर ठरते.

एका पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट पुरतात. असे 25 एलईडी एका माळेत जोडले, तर 75 व्होल्टला 0.12 अँपियर प्रवाहातून 9 वॅट मिळतात. घरातला 230 व्होल्टचा पुरवठा डायोडमधून एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) करून कॅपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागात साठवला, की सुमारे 300 व्होल्ट हाती येतात. मधले 225 व्होल्ट रोधाने जिरवायचे म्हटले, तर 9 वॅटच्या दिव्यासाठी 27 वॅटची नुसती उष्णता होईल.

म्हणून ड्रायव्हर प्रवाहाला अडवत नाही, तर तो चालू-बंद करतो. सेकंदाला 50,000 वेळा चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, 20 मायक्रोसेकंदांपैकी सुमारे 5 मायक्रोसेकंदच चालू राहतो. तेवढ्यात कॉइलमध्ये (तारेच्या वेटोळ्यात) साठलेली ऊर्जा उरलेल्या काळात माळेला मिळत राहते. स्थिर राखायचा असतो तो मात्र प्रवाह, कारण एलईडीवरचा विजेचा दाब (व्होल्ट) किंचित वाढला तरी प्रवाह झपाट्याने चढतो. चालू-बंदचा वेग वाढवला तर लहान कॉइल चालते, पण प्रत्येक खेपेला ट्रान्झिस्टरमध्ये थोडी ऊर्जा वाया जाते.

ड्रायव्हरची कार्यक्षमता 86 वरून 90 टक्क्यांवर नेली, तर या दिव्यात जेमतेम अर्धा वॅट वाचतो. वीजबिलात तो कळणारही नाही. पण बंद मानेत वारा नसतो आणि वाया गेलेल्या विजेची उष्णता शेजारच्या, साठा करणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरला सोसावी लागते. त्याच्यातला द्रव हळूहळू आटतो. 105 अंश सेल्सियसला 2,000 तासांची हमी असलेला कॅपॅसिटर 85 अंशांना ढोबळमानाने 8,000 तास, तर 75 अंशांना 16,000 तास टिकतो. दर 10 अंशांनी आयुष्य दुप्पट, असा हा ठोकताळा आहे.

मग हा कॅपॅसिटर काढूनच का टाकू नये? स्वस्त बल्बांत तसे करतातही, पण पुरवठ्याचा दाब सेकंदाला 100 वेळा शून्याला येतो आणि ती खोट भरून काढणारा साठा उरला नाही, की दिवा लुकलुकतो. डोळ्यांना ते सहसा जाणवत नाही. मोबाइलचा कॅमेरा बल्बजवळ धरला, की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात.