खोल हिमात फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप चालवणे

चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवणारा पिकअप ट्रक हिमाच्या जाड, न तुडवलेल्या थरातून नेण्याचे कौशल्य. हिम ‘खोल’ आहे की नाही, हे गाडीवर ठरते. कारखान्यातून आलेल्या बहुतेक पिकअपच्या पोटाखाली साधारण २० ते २५ सेंमी. मोकळी जागा असते. हिमाचा थर त्याहून कमी असेल तर प्रश्न फक्त पकडीचा असतो. त्याहून जाड झाला की एक्सल (चाके जोडणारा आस), डिफरन्शियलचे (दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरचे) भांडे आणि बंपर हिमात घुसतात. मग गाडीला पुढचे हिम ढकलावे तरी लागते, दाबावे तरी लागते किंवा त्याच्यावर चढावे तरी लागते. ढकलण्यात ताकद फार खर्च होते आणि अंतर फार थोडे कापले जाते, म्हणून जाणता चालक दाबत किंवा वरून तरंगत जाण्याचा मार्ग शोधतो.

पिकअपची मूळ अडचण त्याच्या बांधणीत आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि केबिन हे सगळे वजन पुढे असते, मागे रिकामा हौदा आणि माल वाहण्यासाठी केलेल्या कडक कमानी (स्प्रिंग). त्यामुळे रिकाम्या गाडीची मागची चाके हलकी राहतात आणि फक्त मागच्या चाकांवर चालणारा पिकअप हिमात लवकर हात टेकतो. म्हणून डॉजने १९४६ मध्ये चारही चाकांवर चालणारा ‘पॉवर वॅगन’ आणला. शेव्हरोलेने १९५७ मध्ये आणि फोर्डने १९५९ मध्ये कारखान्यातच चारचाकी चालना (फोर-व्हील ड्राइव्ह) बसवायला सुरुवात केली, तर टोयोटाच्या हायलक्सला ती १९७९ मध्ये मिळाली. हौद्यात वाळूची पोती टाकण्याचा जुना उपाय अजून चालतो. पोती मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे ठेवून घट्ट बांधायची. एक्सलच्या मागे, हौद्याच्या मागच्या फळक्याला टेकून ठेवली तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ढिले पडते. मात्र हा उपाय रस्त्यावरच्या पातळ थरासाठी आहे. तळ न लागणाऱ्या हिमात जादा वजन गाडीला खाली खेचते.

बहुतेक पिकअपमध्ये गरजेपुरती जोडायची चारचाकी चालना असते. ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) एकमेकांना पक्के जोडते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात, आणि कोरड्या डांबरावर हा फरक निघायला वाट नसल्याने शाफ्ट व गिअरवर ताण साचतो. हिमात चाके जराशी घसरून तो मोकळा करतात. म्हणून ही चालना निसरड्यासाठीच वापरायची आणि साफ रस्ता लागला की काढायची. दुसरी गोष्ट जाहिरातीत सहसा येत नाही: साधे डिफरन्शियल असेल तर पुढचे एक आणि मागचे एक चाक जागेवर फिरू लागले तरी अख्खी गाडी थांबते. मागचा डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकत्रच फिरवणारी सोय) असल्यास बराच फरक पडतो, पण आडव्या उतारावर दोन्ही चाके एकदम घसरून शेपूट खाली जाते, तेव्हा तो उघडलेला बरा. काही गाड्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून ताकद दुसऱ्या बाजूला वळवतात. हीच यंत्रणा इंजिनाची ताकदही कापते, त्यामुळे खोल हिमात गाडी नेमकी गरजेच्या वेळी मरगळते. असे होऊ लागले तर ही यंत्रणा, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, बंद करावी लागते.

ट्रान्सफर केसला नेहमीची हाय रेंज आणि सावकाश चालण्याची लो रेंज असते. लो रेंजमध्ये ती वेग साधारण अडीच ते चार पटींनी घटवते आणि तितकाच जोर वाढवते. हिम दिसताच लो रेंज लावण्याची सवय अनेकांना असते. ती योग्य नाही. सपाट, खोल हिमात गतीचा जोम टिकवायचा असतो, आणि त्यासाठी हाय रेंजमधला दुसरा किंवा तिसरा गिअर बरा पडतो. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये जरा पाय दाबला की चाके पकड सोडून खड्डा खणू लागतात. लो रेंज खरी उपयोगी पडते ती तीव्र चढ-उतारावर, वळणावळणाने सावकाश जाताना आणि रुतलेली गाडी हळूच बाहेर काढताना.

हिम सगळे सारखे नसते. नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाचा घनमीटर ५० ते १०० किलो भरतो, वाऱ्याने बसवलेल्या थराचा ३५० किलोच्या पुढेही जातो. कोरडे, पिठासारखे हिम गाडी गुडघाभर खोलीतूनही उडवत नेते. ओले हिम मात्र पोटाखाली दाबले जाऊन घट्ट ठोकळा बनते, गाडी पोटावर बसते आणि चारही चाके अधांतरी फिरत राहतात. सर्वांत फसवा तो वरून कडक पापुद्रा आणि खाली भुसभुशीत असलेला थर. शून्य अंशाच्या आसपास पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असल्याने निसरडेपणा जास्त असतो. कडाक्याच्या थंडीत पकड उलट सुधारते.

या सगळ्यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय इंजिनात नाही, टायरच्या हवेत आहे. हवा कमी केली की टायर पसरतो, रुंदीत थोडा आणि लांबीत बराच, आणि तेच वजन मोठ्या क्षेत्रावर वाटले जाते. रस्त्यावरच्या ३५ पीएसआयऐवजी (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) १५ ते १८ पीएसआय ठेवल्यावर साधा पिकअपही जिथे रुतत होता तिथून निघतो. त्याहून खाली गेल्यास टायर रिमवरून सुटण्याचा धोका वाढतो. आइसलँडमधील चालकांनी हे तंत्र टोकाला नेले. ३८ ते ४४ इंची टायर, कडा पकडून ठेवणारे रिम आणि ३-४ पीएसआय हवा यांच्या जोरावर ते हिमनद्यांवरून गाड्या नेतात. तिथल्या आर्क्टिक ट्रक्स कंपनीने बदल केलेले हायलक्स अंटार्क्टिकावरही चालले आहेत. परत रस्त्यावर येण्याआधी हवा भरायलाच हवी, त्यामुळे गाडीत कॉम्प्रेसर असल्याशिवाय हवा सोडू नये.

टायर अरुंद हवा की रुंद, हा वाद बहुधा दोन वेगळ्या परिस्थितींतला असतो. खाली टणक रस्ता असेल तर अरुंद टायर हिम कापून त्याला भिडतो. तळच नसेल तर रुंद आणि मऊ टायर तरंगतो. हिवाळी टायरचे रबर थंडीत लवचिक राहते, आणि त्यातल्या बारीक चिरा हिम धरून ठेवतात. हिमाची हिमावर पकड चांगली बसते, म्हणून खाचांत भरलेले हिम हा दोष नव्हे. टायरवर चढवायच्या साखळ्यांचे पेटंट न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड याने १९०४ मध्ये घेतले. खोल हिमात त्या चारही चाकांना असलेल्या चांगल्या, आणि त्या रुतण्याआधी चढवायच्या असतात.

चालवताना पाय स्थिर हवा. गाडी मंदावू लागली की जास्त दाबण्याचा मोह होतो, पण जागेवर फिरणारे चाक हिम वितळवून खाली गुळगुळीत बर्फ तयार करते. चाके फिरण्याआधीच थांबून, आपल्याच चाकोरीतून मागे येऊन, पुन्हा जोम घेऊन जावे. दर खेपेला गाडी थोडी पुढे सरकते. जोम संपत आला असताना स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवल्यास टायरच्या कडांना ताजे हिम मिळते, मात्र चाके फार वळवली तर तीच अडसर होतात. थांबायचे असेल तर शक्यतो उताराकडे तोंड करून आणि ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्यावी, म्हणजे चाकांपुढे हिमाची भिंत उभी राहत नाही.

चारचाकी चालना पुढे जायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. कोरड्या डांबरावर ताशी ५० किमी. वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण १४ मीटरमध्ये थांबत असेल, तर तुडवलेल्या हिमावर तिला ५० मीटरच्या आसपास लागतात. सहज सुटणारी गाडी रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळूच देत नाही, आणि पहिल्या वळणावर ते कळते. भुसभुशीत हिमात एबीएस (ब्रेक दाबताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) थांबण्याचे अंतर वाढवू शकते, कारण अडकलेल्या चाकापुढे जमणारा हिमाचा पाचर तिथे तयार होत नाही.

रुतल्यावर पहिले हत्यार फावडे. आधी पोटाखालचे हिम काढायचे, मग चाकांपुढचे. इंजिन चालू ठेवून बसायचे असेल तर सायलेन्सरच्या नळीभोवतालचे हिम आधी साफ करावे लागते. नळी तुंबली तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो, आणि त्याला वास नसतो. दुसऱ्या गाडीने ओढताना पट्टा चेसिसला बसवलेल्या कडीलाच लावायचा. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला लावलेला पट्टा ताणाखाली गोळा तोडून तो गोळीसारखा फेकतो. यात माणसे मेली आहेत. बाहेर पडल्यावर रिमच्या आत साचलेले हिम खरवडून काढावे, नाहीतर वेग घेताच स्टिअरिंग थरथरू लागते. रेडिएटरची जाळी हिमाने बुजली आहे का तेही पाहावे, कारण थंडीतही इंजिन तापते. रात्री उभी करताना हँडब्रेक ओढू नये, सपाट जागी गिअरमध्ये ठेवावी. ओले झालेले ब्रेक सकाळपर्यंत गोठून चिकटतात.