सच्छिद्र डांबरी पृष्ठथर
रस्त्याच्या सर्वांत वरच्या डांबरी थराचा एक प्रकार. यात जवळपास एकाच आकाराची जाड खडी अधिक व कच मुद्दाम कमी ठेवतात. त्यामुळे रोलर फिरल्यावरही थरात सुमारे २० टक्के पोकळी उरते. दाट डांबरी काँक्रीटमध्ये ती साधारण ३ ते ५ टक्के असते. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने पावसाचे पाणी आत उतरते, खालच्या जलरोधक थरावर अडते आणि आडव्या उताराने कडेला निघून जाते. पाणी थेट जमिनीत मुरविणारी सच्छिद्र फरसबंदी याहून वेगळी.

उगमाबद्दल एकमत नाही. अमेरिकी लेखक तो पश्चिमेकडील राज्यांत साधारणतः १९३० ते १९५० च्या दरम्यान रूढ झालेल्या, संयंत्रात मिसळून पसरलेल्या पातळ खडीथरापर्यंत मागे नेतात. ब्रिटनमध्ये धावपट्ट्यांवरील घर्षण थराला, बहुधा १९५० नंतरच्या, मूळ मानतात. पहिल्या थरामागे सुटी खडी उडून वाहनांच्या काचा फुटू नयेत हा हेतू मुख्य दिसतो. दुसऱ्यामागे चाक व पृष्ठभाग यांत पाण्याचा पापुद्रा साचून विमान घसरू नये हा. निचरा हेच लक्षण धरले, तर दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते.

नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मोटारमार्गांवर हा थर मोठ्या प्रमाणावर आला (स्थानिक नाव ‘झोआब’, जाडी सु. ५० मिमी.). तेथे प्रेरणा पाण्याइतकीच आवाजाचीही होती : टायरच्या नक्षीत दबलेली हवा पोकळ्यांत शिरते व आवाज सुमारे ३ डेसिबलने उतरतो. दुपदरी प्रकारात जाड खडीच्या पदरावर बारीक खडीचा पातळ पदर देतात. वरचा पदर चाळणीसारखा धूळ अडवतो.

मुख्य दोष खडी निसटण्याचा. हवा व पाणी आतपर्यंत खेळत असल्याने बंधक (खडी धरून ठेवणारे डांबर) लवकर जून व ठिसूळ होतो. स्पेनमधील कांताब्रो चाचणी याचसाठी आहे : मिश्रणाचा ठोकळा लॉस अँजेलिस यंत्राच्या (खडीची झीज मोजण्याचे फिरते यंत्र) पिंपात, पोलादी गोळे न घालता, ३०० फेरे फिरवून वजनातील घट मोजतात. थंड देशांत हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी टाकलेले मीठ पोकळ्यांत उतरत असल्याने ते अधिक लागते.

वेगवान वाहनांच्या चाकांखालील दाब व ओढ पोकळ्या काही अंशी साफ ठेवतात. कडेची पट्टी व मंद वाहतुकीचे शहरी रस्ते आधी तुंबतात. भारतीय रस्ते काँग्रेसने २०१९ मध्ये अशा थराचे विनिर्देश (आयआरसी १२९) प्रसिद्ध केले.