दहा माणसं आणि मलिद्याचं ताट

अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. तिथे किनाऱ्याजवळ बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या कोकणातल्या ज्यूंच्या समाजाचं जुनं दफनस्थान आहे. पूर्वजांचं गलबत याच किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि लाटांनी आणून टाकलेली बाकीच्यांची प्रेतं त्यांनी इथेच पुरली, असं या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हे कधी घडलं, यावर एकमत नाही. कुणी इसवी सनापूर्वी १७५ सांगतं, कुणी कितीतरी नंतरचा काळ. मला मात्र त्या कथेतला क्रम मोलाचा वाटतो. वाचलेल्यांनी आधी आपल्या माणसांना माती दिली आणि मग संसार मांडले.

गलबताबरोबर पोथ्याही गेल्या, असं कथा सांगते. ही माणसं मग कोकणातल्या गावागावांत पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ झाली. आडनावं गावांवरून आली: दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, अष्टमकर. बोली मराठीच. शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना एवढी शिदोरी राहिली होती. दुसरी प्रार्थना येतच नव्हती, म्हणून जन्म, लग्न, मयत, सगळीकडे शेमाच म्हटली जायची.

पोथ्या नसताना टिकायचं कसं, याचं उत्तर मला त्यांच्या सणांच्या नावांत सापडतं. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष, हा नव्याचा सण. नंतर खिरीचा सण. योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हा दारफळणीचा सण: घराची दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, दिवसभर उपास, बाहेरच्या कुणाशी संपर्क नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, म्हणजे दानधर्म आणि गाठीभेटी. पुरिम या आनंदाच्या सणाला होळीचा सण म्हणायचे, कारण तो त्याच दिवसांत येतो. पेसाह, म्हणजे मिसरमधून झालेल्या सुटकेचा सण, हा अनाशी ढाकाचा सण, अनाशी या आंबट पदार्थाचं मडकं त्या दिवसांत झाकून ठेवायचं म्हणून. आणि जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या दुःखाचा उपास, तो बिरड्याचा रोजा. वालाला मोड आणून, सोलून केलेलं बिरडं कोकणात श्रावणात घरोघरी शिजतं. ज्यू पंचांगातला आव महिनाही साधारण त्याच सुमाराला येतो. दोन हजार वर्षांमागच्या विध्वंसाचं सुतक पाळायला या बायकांनी वाल भिजत घातले. पुस्तकातलं नाव विसरलं तरी वाल कधी भिजवायचे ते विसरत नाही. हनुक्का हा ज्यूंचा दिव्यांचा सण मात्र त्यांच्या पंचांगात नव्हताच. तो सण सुरू होण्याआधीच पूर्वज निघाले होते, असा निष्कर्ष हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्यासारख्या समाजातल्याच इतिहासकाराने त्यावरून काढला.

याच घरगुती धर्मातून मलिदा आला. जगातल्या इतर ज्यूंकडे तो या रूपात नाही. भिजवलेले गोड पोहे, त्यात खोवलेला नारळ, साखर, वेलची, वर सुका मेवा, आणि ताटाभोवती फळं. झाडाच्या फळासाठी एक आशीर्वाद, जमिनीतून आलेल्यासाठी दुसरा. एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं गाणं म्हटलं जातं आणि मग ताट सगळ्यांत फिरतं. लग्न ठरलं की मलिदा, नवस फेडायला मलिदा, दुखण्यातून उठलं की मलिदा, नव्या घरात गेलं की मलिदा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर एलियाहू हनाबीच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे. तिथे नवस बोलायला आणि फेडायला लोक आजही जातात.

समाजाला स्वतःची प्रार्थनेची वास्तू मिळाली ती १७९६ साली, मुंबईत. ती बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटलो तर सिनेगॉग बांधीन असा त्यांचा नवस होता, असं सांगतात. ‘शार हरहमीम’, दयेचं दार, हे त्या वास्तूचं नाव. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत. मस्जिद बंदर हे नाव यावरूनच पडलं असं समाजात मानतात. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. पुढे कोचीनहून शिक्षक येऊ लागले, हिब्रू प्रार्थना शिकवू लागले. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ चं.

या शिकवणीबरोबर मिन्यानचा, म्हणजे दहा जणांच्या जमावाचा नियमही पक्का रुजला. सामूहिक प्रार्थनेला परंपरेने तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. बाप गेलेल्या मुलाला कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, एकट्याने म्हणता येत नाही. नऊ जण त्याच्याबरोबर उभे राहायलाच हवेत. कद्दिशमध्ये मृत्यूचा उच्चारही नसतो, असते ती देवाची स्तुती, आणि मधेमधे बाकीच्यांनी मोठ्याने ‘आमेन’ म्हणायचं असतं. लग्नातल्या सात आशीर्वादांनाही दहा जणच हवेत. शोकाचे दिवस सात आणि नवरानवरीच्या कौतुकाचे दिवसही सात. दुःखात माणूस घरात कोंडून बसू नये आणि आनंद चार भिंतींत ठेवू नये, अशी ही व्यवस्था मला फार शहाणी वाटते.

एकोणिसावं शतक हा या समाजाचा बहराचा काळ. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीतला हग्गादा छापला गेला, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. पेसाहच्या रात्री घरोघरी वाचायचं हे पुस्तक. त्यातल्या चित्रांत बिनखमिराची भाकरी करायला बसलेल्या बायका नऊवारीत आहेत. मिसरमधून सुटकेची कथा वाचताना पोरांनी ज्या आया पाहिल्या, त्या स्वयंपाकघरातल्याच होत्या. १८८० च्या सुमारास मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ निघालं आणि अब्राहाम, योसेफ, दाविद यांची आख्यानं मराठी पदांत, टाळ-पेटीवर रंगू लागली. ज्यांना हिब्रू येत नव्हतं, त्या आज्यांनाही कथा कळू लागल्या.

१९४८ साली इस्राएल देश झाला, लोक तिकडे जाऊ लागले आणि इथली घरं रिकामी होऊ लागली. तेव्हा भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. आज चार-पाच हजार उरलेत. छळामुळे कुणी गेलं नाही, हे समाजातली माणसं आवर्जून आणि कृतज्ञतेने सांगतात. तिकडे इस्राएलमध्ये मात्र काही रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, लग्नांच्या बाबतीत त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. मोर्चे, धरणी झाली, आणि १९६४ साली त्यांना बरोबरीचं स्थान मान्य झालं. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये.

निघून जाण्याचा खरा फटका गावांतल्या सिनेगॉगांना बसला. एक कुटुंब हललं की दहातले दोन-तीन एकदम कमी होतात. गावात मयत झाली, वर्षश्राद्धासारखी पुण्यतिथी आली, की आधी फोन सुरू होतात: ठाण्याहून कोण निघतंय, पनवेलला कोण थांबेल, गाडीत जागा किती. हे मोजणं लग्नाआधीही तसंच चालतं. लग्नात वधू पांढऱ्या साडीत सिनेगॉगमध्ये येते आणि तिला सामोरा जाताना नवरा ‘योनाती झिव’ हे गीत म्हणतो. इकडे म्हणतात तसंच इस्राएलमधल्या दिमोना, अश्दोद, रामला इथल्या बेने इस्राएल घरांतही म्हणतात. तिथेही लग्नाआधी हळद-मेंदी होते, पोहे भिजतात, नारळ खोवला जातो. आणि तिथले लोक सुट्टीत कोकणात येतात, नवगावला पूर्वजांच्या थडग्यांपाशी उभे राहतात, मग खंडाळ्याला जाऊन मलिद्याचं ताट मांडतात. त्या दिवशी दहाची मोजदाद करावी लागत नाही.