स्क्रोलिंग आणि संवाद: लाइक नेमके कोणत्या बाजूचे?

नुसते स्क्रोल करणे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अंगठा सरकत राहतो, रील आणि फोटो डोळ्यांसमोरून जातात आणि आपण कोणाशीही एक शब्द बोललेलो नसतो. घोटाळा होतो तो दुसऱ्या, म्हणजे संवादाच्या, बाजूला. "मी नुसता बघत नाही, लाइक करतो, फॉरवर्ड करतो, म्हणजे माझा वापर सक्रियच आहे," हे वाक्य इतक्यांदा कानावर आले आहे की आता ते खोडून काढल्याशिवाय राहवत नाही.

बोट हलले की नाही, ही कसोटीच चुकीची आहे. आपण कोणा एका माणसासाठी, स्वतःच्या शब्दांत काही लिहिले का, हे पाहायला हवे. मॉइरा बर्क आणि रॉबर्ट क्राउट यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फेसबुकविषयक अभ्यासात, जवळच्या व्यक्तीने आपल्याला उद्देशून लिहिलेल्या मजकुराचा मानसिक स्वास्थ्यातील सुधारणेशी संबंध दिसला. एका क्लिकच्या प्रतिसादांचा किंवा सर्वांसाठी टाकलेल्या पोस्ट वाचण्याचा तसा संबंध आढळला नाही.

समजा, मैत्रिणीने वडिलांना रुग्णालयातून घरी आणल्याचा फोटो टाकला आहे. जोडलेल्या हातांचे चिन्ह टाकून पुढे सरकायला एक सेकंद पुरतो, आणि तिला चाळीस नावांत आपलेही एक नाव दिसते. त्याऐवजी "बाबा आता जिना चढतात का गं? रात्री तुझ्या जोडीला कोण असतं?" असे विचारले, तर तिला स्वतःची हकिकत सांगता येते आणि ती ऐकल्यावर आपल्यालाही पुढे काही बोलावे लागते. ही देवाणघेवाण सुरू होते, तेव्हाच मी तिला संवाद म्हणेन. फॉरवर्ड केलेले सुविचार तर मला मुळीच रुचत नाहीत, कारण मजकूर तिसऱ्याचा असतो आणि तो शंभर जणांना सारखाच गेलेला असतो.

ॲप कोणते आणि मिनिटे किती, हे मुद्दे गौण आहेत. निमूटपणे वाचणे सरसकट घातक आहे, असेही नाही. २०१५ मधील एका अभ्यासात त्याने मनःस्थिती खालावल्याचे दिसले, पण नंतरच्या संशोधनात हा परिणाम सर्वांवर सारखा आढळला नाही. उलट, अनोळखी माणसाच्या पोस्टखाली तावातावाने वाद घालणारा टाइप पुष्कळ करतो, परंतु समोरच्याचे उत्तर वाचण्याआधीच त्याचा पुढचा टोला तयार असतो, म्हणून त्यालाही मी संवाद साधणाऱ्यांत धरत नाही.